द्वारकाअक्कांचा लाल दोरा

तुम्ही न वाचलेल्या पुस्तकाला कधी शिव्या घातल्या आहेत का? खरं सांगा. मी घातल्या आहेत, आणि नुसत्या तोंडानं नाही, छापून घातल्या आहेत. एका बाजूनं छापलेलं पत्रक, वर ठळक अक्षरांत मथळा: ‘गुलाबी विष’. पिंप्राळ्यात ते वाटायला मी निघाले तेव्हा ज्या बाईनं ते सगळ्यात आधी हातात घेतलं, तिनं मथळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं कागद उलटा केला, कोरी बाजू दाराच्या उजेडात धरली, दोन बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाली, “मागून कोरं आहे. मापं लिहायला चालेल. दहा-बारा ठेवून जा.”

त्या द्वारकाअक्का. जळगावात पिंप्राळ्याच्या एका गल्लीत त्यांचा शिवणक्लास होता. पुढची खोली क्लासची, मागची संसाराची. तीन मशिनं, कापायला एक लांब फळी, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली खिळ्याला टांगलेली कात्री. कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती उलटी करून बघायची, ही त्यांची सवय. कापडाची शिवण आतून बघायच्या हे ठीक, पण वांगं, पोस्टकार्ड, पितळेचा तांब्या, लग्नाची पत्रिका, सगळं त्या उलटं करायच्या. नव्या सुनेलासुद्धा अक्का उलटी करून बघतील, असं गल्लीतल्या बाया म्हणत. अक्कांच्या कानावर ते गेलं होतं. “सुनेला कशाला,” त्या म्हणायच्या, “जावयाला बघेन.”

मी धुळ्याची. माझे वडील, आबा, एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. पुस्तकं विकत आणणं आम्हाला झेपत नव्हतं, पण पत्रकं फुकट यायची. हुंड्याविरुद्धची, दारूविरुद्धची, बुवाबाजीविरुद्धची, कामगारांच्या मागण्यांची. माझ्या शाळेच्या वह्यांना त्यांचीच कव्हरं असायची. मी अक्षरं त्यांच्यावर शिकले, आणि ‘बंधू-भगिनींनो’ हा मला न अडखळता वाचता आलेला पहिला लांब शब्द. पत्रकातलं प्रत्येक वाक्य खरं असतं अशी माझी खात्री होती, कारण ते आबांनी एकेक खिळा उचलून जुळवलेलं असायचं. एवढ्या मेहनतीनं कोण खोटं बोलेल?

बारावीनंतर डी.एड.ला मला जळगावात प्रवेश मिळाला आणि मी अक्कांच्या माडीवरची खोली भाड्यानं घेतली. आमच्या वर्गातल्या मुली उशीखाली प्रेमकादंबऱ्या ठेवायच्या आणि शनिवारी दुपारी नागिणीचे, पाताळातले, उडत्या राजपुत्रांचे सिनेमे बघायला जायच्या. ऐंशीचं दशक संपत आलं होतं, देशात काय काय चाललं होतं, आणि या मुली एका सापाच्या लग्नासाठी रडत होत्या. मी दोन संध्याकाळी बसून ‘गुलाबी विष’ लिहिलं. आबांनी ते स्वतः जुळवून छापून पाठवलं. त्याची सुरुवात अशी होती: ‘मी या कादंबऱ्यांचा बारकाईने अभ्यास करून हे लिहीत आहे.’

दुसऱ्या दिवशी जिन्याखालून हाक आली, “ए धुळेवाली, खाली ये जरा.”

खाली क्लासमध्ये आठ-दहा पोरी बाह्यांना तुरपाई करत बसल्या होत्या. अक्कांच्या हातात माझं पत्रक होतं. मागच्या बाजूला कुणाच्या तरी छातीचं आणि कंबरेचं माप लिहून झालं होतं. अक्कांनी ते सुलटं केलं.

“किती वाचल्या?”

“काय?”

“कादंबऱ्या. तू लिहिलंयस, बारकाईनं अभ्यास.”

“एकही नाही,” मी म्हटलं. मला त्यात लाज वाटली नाही, उलट अभिमानच वाटला. “विष आहे हे कळायला चाखून बघावं लागत नाही.”

पोरी खाली मान घालून हसल्या. अक्का हसल्या नाहीत. “मग हे वाक्य?”

“तसं लिहायची पद्धत असते, अक्का.”

“असं,” अक्का म्हणाल्या. पत्रकाची घडी घालून त्यांनी ती मशीनच्या खणात टाकली, बॉबिनच्या डबीशेजारी, आणि पायडल मारायला लागल्या. त्या दिवसापासून क्लासमधल्या पोरींनी माझं नाव पत्रकताई ठेवलं.

मला त्या बाईचा संशय यायचा. आता लिहिताना बरं वाटत नाही, पण तेव्हा यायचा. बौद्ध घरातली, विचारांच्या संस्कारातली बाई. सोनगीर हे तिचं माहेर. “कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही” हे तिच्या बापानं तिला लहानपणी शिकवलेलं. आणि त्याच बाईच्या क्लासमध्ये रोज दुपारी दोन ते चार प्रेमकादंबरीचं जाहीर वाचन चालायचं. पद्धत ठरलेली होती. एकीनं वाचायचं, तिच्या वाटणीची तुरपाई बाकीच्यांनी करायची. पुस्तकं कोपऱ्यावरच्या भाड्याच्या लायब्ररीतली. मी वरच्या खोलीत बालमानसशास्त्राच्या वहीवर डोकं धरून बसायचे आणि खालून ऐकू यायचं की त्यानं तिच्या बटा बाजूला केल्या. पोरींचं डोकं बधिर करून त्यांच्याकडून काम काढून घेण्याची ही युक्ती आहे, असं मी आबांना पत्रात कळवलंसुद्धा होतं.

एक दिवस खाली वाचन मध्येच थांबलं. अक्कांचा आवाज आला, “थांब रेखा. तिथं टाका घाल.” मग शांतता, मग पुन्हा वाचन. थोड्या वेळानं पुन्हा, “थांब. टाका.” मला राहवलं नाही. मी पाणी मागायच्या निमित्तानं खाली गेले.

रेखा ही क्लासमधली सगळ्यात धीट मुलगी, बाप रिक्षा चालवायचा. तिच्या मांडीवर कादंबरी होती आणि हातात सुई. पानाच्या समासात ती लाल दोऱ्याचा एक टाका घालत होती. गाठ न मारलेला, लांबट, कपडा कापल्यावर मशीनखाली जाण्याआधी घालतात तसा कच्चा टाका.

“हे काय?” मी विचारलं.

“नायिका चार दिवस महाबळेश्वरला आहे, ताई,” रेखा म्हणाली. “आई आजारी, बाप नाही, भाऊ लहान. तर घरी पाणी कोण भरतंय? लेखक सांगत नाही.”

“मागच्या पुस्तकात त्यानं तिच्यासाठी नोकरी सोडली,” दुसरी म्हणाली, “आणि पुढच्याच पानावर दोघं हॉटेलात जेवतात. तिथंही टाका आहे.”

अक्कांनी मान वर केली नाही. “पेननं लिहिलं तर लायब्ररीवाले भाऊ ओरडतात. दोऱ्यानं पुस्तक खराब होत नाही. शंका आली की टाका घालायचा. पुढं वाचताना शंका फिटली की ओढून काढायचा.”

“आणि नाही फिटली तर?”

“तर राहू द्यायचा. पुढच्या बाईला कामाला येतो.”

लायब्ररीवाल्या भाऊंनी आधी कुरकुर केली होती. मग त्यांच्या लक्षात आलं की टाके घातलेली पुस्तकं जास्त जातात. बाया ती मागून न्यायच्या, कुठं कुठं टाके आहेत ते बघायला.

मला हे सगळं पोरखेळ वाटलं. सबंध पुस्तकच खोटं असताना त्यात चार टाके घालून काय होणार, असं मी म्हणाले. अक्का म्हणाल्या, “बठ्ठं खोटं म्हणणं सोपं शे, माय. त्याले वाचनं पडत नही.” अक्का एरवी क्लासमध्ये शहरी मराठी बोलायच्या, पण मनातलं बोलल्या की सोनगीर बाहेर यायचं.

त्याच आठवड्यात त्यांनी मला सिनेमाला नेलं. नेलं म्हणजे आव्हान देऊन नेलं. शनिवारी क्लास बंद, अक्का, पोरी, आणि अक्कांचे यजमान, नाना. नाना डाळमिलमध्ये हमाल होते. खांदे एवढे रुंद की अक्कांना त्यांच्या सदऱ्याला मधे पट्टी जोडावी लागायची. सिनेमात एक नागकन्या होती, पाताळातलं राज्य होतं, एक सोशिक राणी होती, एक दुष्ट मांत्रिक होता आणि वाऱ्यावर स्वार होणारा राजपुत्र. मी हाताची घडी घालून बसले होते. थिएटरात माझ्या पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाईनं नागकन्येला हात जोडले, तेव्हा माझ्या डोक्यात पुढच्या पत्रकाचं पहिलं वाक्य तयार झालं.

तेवढ्यात अक्कांनी माझ्या दंडाला चिमटा काढला. पडद्यावर नागकन्या पाठमोरी होऊन फणा काढत होती.

“चेन,” अक्का कुजबुजल्या.

“काय?”

“पाठीवर देख. ब्लाउजला चेन शे. पाताळमा चेन कोठून उनी?”

मी बघितलं. खरंच होती. हजारो वर्षं वय असलेल्या नागकन्येच्या पाठीवर पितळी चेन, आणि वरच्या टोकाला ती नीट लागलीसुद्धा नव्हती. मला हसू आलं आणि ते थांबेना. नाना मात्र पलीकडे डोळे पुसत होते. “उडू दे ना वं त्याले,” ते अक्कांना म्हणाले, “तू तं त्याले खाली पाडशी. मी दिनभर पोतं उचलस. तीन तास दुसरा कोनी उडस, ते माले चालस.”

सिनेमा सुटल्यावर पायी घरी येताना अक्कांचा नियम होता. प्रत्येकीनं आपल्याला दिसलेली एक शिवण सांगायची. रेखा म्हणाली, राजपुत्र बारा वर्षं अंधारकोठडीत होता, पण दाढी काल केल्यासारखी. दुसरी म्हणाली, नागकन्या जंगलात तीन दिवस धावली आणि कुंकू पुसटलं नाही. सगळ्यांचं झाल्यावर पाळी माझ्यावर आली. मी म्हटलं, “सगळीच अंधश्रद्धा.”

“ते पत्रकात लिही,” अक्का म्हणाल्या. “इथं शिवण सांग.”

मला सांगता येईना. तीन तास मी पडद्याकडे बघतच नव्हते, पुढच्या रांगेतल्या बाईकडे बघत होते. शेवटी अक्कांनी स्वतःच सांगितली. “मी सांगते. राणी चौदा वर्षं सासूचा छळ सोसते आणि शेवटी तिला राज्य मिळतं. साप बाई झाला हे थिएटरात कुणीच खरं धरलं नाही. हे मात्र सगळ्या बायांनी खरं धरलं. खरी चेन तिथं होती.”

मी त्या रात्री ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. पण संशय गेला नाही. जी बाई इतकं बघते ती पुन्हा पुढच्या शनिवारी जाते कशाला, हे मला कळत नव्हतं.

आता जे सांगते ते मी आजवर छापलेलं नाही.

धुळ्यात आमचं एक अभ्यासमंडळ होतं. तिथं शिरपूरचा सुधाकर नावाचा कार्यकर्ता यायचा. हुंड्याविरुद्ध बोलायला उभा राहिला की सभागृह गप्प व्हायचं. ‘गुलाबी विष’ वाचून त्यानं मला पत्र लिहिलं की अशा निर्भीड लेखणीची आज गरज आहे. मी उत्तर पाठवलं. मग त्याचं दुसरं आलं, तिसरं आलं. चौथ्या पत्रात लेखणी मागे पडली आणि मी पुढे आले. असं कुणी माझ्याशी कधी बोललं नव्हतं. आमच्या घरात प्रेम म्हणजे आबांनी खिळ्यांनी काळी झालेली बोटं पुसून माझ्या ताटात भाकरी वाढणं. हे शब्द मला नवे होते आणि ते एका विचारी माणसाचे होते. त्यामुळे त्यांच्यावर संशय घ्यायचं मला सुचलंच नाही. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर संशय घेणारी मी, त्या सात पत्रांवर घेतला नाही.

सातव्या पत्रात त्यानं लग्नाचं लिहिलं. नोंदणी पद्धतीनं, हुंड्याशिवाय, येत्या उन्हाळ्यात. माझं डी.एड.चं दुसरं वर्ष अजून व्हायचं होतं. त्यावर त्यानं लिहिलं होतं की प्रमाणपत्र काय, पुढेही मिळेल, चळवळीला आज तू हवी आहेस. मी शिक्षण सोडायचं ठरवलं. आबांना काय सांगायचं ते ठरत नव्हतं. त्यांनी माझ्या फीसाठी दुपारची दुसरी पाळी धरली होती. पण मोठ्या कामासाठी असा त्याग करावाच लागतो, असं मीच किती वेळा लिहिलं होतं.

लग्नासाठी साध्या पांढऱ्या साडीवर ब्लाउज शिवायचा म्हणून मी अक्कांकडे गेले. दुपारचे तीन वाजले होते, वाचन चालू होतं. अक्कांनी टेप काढली, माप घेतलं, आणि लिहायला खणातून तेच घडी घातलेलं पत्रक काढलं. त्याच्या पाठीवर एक कोपरा रिकामा होता. माझं माप लिहिताना त्यांनी विचारलं, “आणि शाळा?”

“सोडतेय.”

पेन्सिल थांबली. पोरींच्या सुया थांबल्या.

मला वाटलं, यांना कळायला हवं. कादंबऱ्यांवर पोसलेल्या या मुलींना खरं प्रेम काय असतं ते एकदा ऐकू दे. मी पर्समधून पाचवं पत्र काढलं आणि उभ्यानं वाचायला लागले. “‘तू नसतेस तेव्हा घड्याळाचे दोन्ही काटे एकमेकांना विचारतात, ती कुठे गेली?...’”

रेखानं तोंडावर हात ठेवला. दुसरी एक खिडकीकडे बघायला लागली. मला ते भारावणं वाटलं. मी पुढचं वाक्य वाचायला श्वास घेतला, आणि ते वाक्य अक्कांनी म्हटलं. हळू, कुठलाही टोमणा न मारता, पाठ असलेलं म्हणतात तसं.

“‘आणि मी त्या बिचाऱ्यांना काय उत्तर देऊ, मलाच कुठे ठाऊक आहे.’”

माझ्या हातातल्या कागदावर तेच होतं.

“पुढं वाच,” अक्का म्हणाल्या.

“‘तुझ्या डोळ्यांत मला माझी...’” मी वाचलं.

“‘माझा चंद्र दिसतो,’” रेखा पुटपुटली.

पत्रात ‘माझी चळवळ दिसते’ असं होतं. तेवढाच बदल होता.

अक्कांनी रेखाला लायब्ररीत पाठवलं. पुस्तक आलं, कव्हर फाटकं, पाठीला डिंकाची पट्टी. अक्कांनी पान काढून माझ्यापुढे धरलं. घड्याळाचे काटे, चंद्र, सगळं तिथं होतं. पण त्या ओळींना टाका नव्हता. लाल टाका त्याच्या पुढच्या पानावर होता. तिथं नायक नायिकेला म्हणत होता, कॉलेज काय, पुढेही करता येईल, मी आहे ना.

“हा टाका तुझ्यासाठी नाही घातला,” अक्का म्हणाल्या. “मागच्या दिवाळीत घातलाय.”

मला त्या क्षणी सुधाकरचा राग आला नाही. अक्कांचा आला. “तुम्ही प्रत्येकाला असंच बघता,” मी म्हणाले. “माणूस म्हणजे काय ब्लाउज आहे? त्याला लिहायला जमत नसेल. म्हणून दुसऱ्याचे शब्द घेतले असतील. त्यानं काय बिघडतं?”

“काही बिघडत नाही,” अक्का म्हणाल्या. “आमच्या नानांनी लग्नाआधी मला निरोप पाठवला होता, तोही मित्राकडून शिकून. मी लग्न मोड म्हणतेय का? उसव म्हणतेय का? कच्चा टाका घाल एवढंच म्हणतेय. फिटला तर ओढून काढ. पण कुठल्याच पुस्तकात नाही असं काहीतरी त्याला विचार.”

“काय विचारू?”

अक्कांनी दाराबाहेर बघितलं. गल्लीतला नळ दिवसाआड, सकाळी साडेपाचला यायचा, आणि त्या वेळेला प्रत्येक घरातली बाई तिथं असायची. “परीक्षेच्या महिन्यात पाणी कोण भरेल, ते विचार.”

मी तीन दिवस पत्र लिहिलं नाही. चौथ्या दिवशी लिहिलं. मला माझं दुसरं वर्ष पूर्ण करायचं आहे, लग्नानंतर करेन, परीक्षेच्या महिन्यात घरी पाणी कोण भरेल? एवढंच. आठ दिवसांनी उत्तर आलं. ते मी अक्कांपुढे ठेवलं. वाचून दाखवायचं धैर्य नव्हतं. रेखानं वाचलं:

‘लढ्याच्या वाटेवर निघालेल्या स्त्रीने नळाच्या पाण्याचे प्रश्न विचारावेत याचे दुःख झाले. माझी आई इतकी वर्षे ती सर्व कामे करते आहे, तिने कधी तक्रार केली नाही. तू आलीस की तिला आराम मिळेल, एवढे तरी तुला कळायला हवे होते.’

अक्कांनी ते पत्र हातात घेतलं, सवयीनं उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. “हे त्याचं स्वतःचं आहे,” त्या म्हणाल्या. “कुठल्या पुस्तकातलं नाही. इथं टाका घालायला जागाच नाही, पोरी. हे खरं बोललाय तो.”

मी शिक्षण सोडलं नाही. सुधाकरला मी लबाड म्हणत नाही, त्याचं हुंड्याविरुद्धचं भाषण आजही चांगलं होतं म्हणतात. पांढऱ्या साडीवरचा तो ब्लाउज अक्कांनी शिवून ठेवला होता. डी.एड.च्या निकालाच्या दिवशी मी तो घातला. आत दोन्ही बाजूंना शिवणीत जादा कापडाची भरपूर माया ठेवली होती. पुढं अंगानं भरशील, म्हणाल्या.

पण मधल्या उन्हाळ्यात मी धुळ्याला गेले नाही. कोपऱ्यावरच्या लायब्ररीत नाव घातलं आणि वाचत सुटले. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत घाम पुसत चाळीसएक प्रेमकादंबऱ्या वाचल्या. दुपारी खाली तुरपाई करत ऐकल्या, आणि माझी पाळी आली की वाचून दाखवल्या. माझा सूर पत्रकाचा होता. नायक ‘प्रिये’ म्हणाला की पोरींना ‘बंधू-भगिनींनो’ ऐकू यायचं आणि हसण्यानं तुरपाई वाकडी व्हायची. अक्का मला काही बोलल्या नाहीत. चाळिसावं पुस्तक परत केलं त्या दिवशी मी त्यांना आकडा सांगितला. “असं,” म्हणाल्या आणि मशीनचा खण उघडून काहीतरी शोधायला लागल्या. मी वर निघून गेले.

माझं मत बदललं असं कुणी समजू नये. त्या कादंबऱ्या वाईटच आहेत असं मी आजही म्हणते. त्यांत बाईला भूक लागत नाही, पाळी येत नाही, पगार मिळत नाही, आणि तिला पडणारा सगळ्यात मोठा प्रश्न दोन पुरुषांतला कुठला, हा असतो. पण आता मी पान सांगून म्हणते. आणि ज्या मुलींना मी भोळ्या समजत होते, त्यांच्यातली एकही त्या घड्याळाच्या काट्यांना फसली नसती. फसणार होते ती मी. मी ते कधी वाचलंच नव्हतं. नानांच्या उडत्या राजपुत्रालाही माझा आता विरोध नाही. दिवसभर पोती उचलणाऱ्या माणसाला कुणीतरी हलकं होताना बघू द्यावं. माझा विरोध चौदा वर्षं सोसून राज्य मिळवणाऱ्या राणीला आहे, आणि तो कायम राहील.

पुढं मला शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला एका शाळेत नोकरी लागली. पिंप्राळ्याला जाणं कमी झालं. जायचे तेव्हा क्लासमध्ये मुली कमी दिसायच्या. घरोघरी टीव्ही आला होता, तयार कपडे आले होते. लायब्ररीवाल्या भाऊंनी दुकान कॅसेटवाल्याला दिलं आणि पुस्तकं रद्दीत काढली. लाल टाके घातलेली सगळी पुस्तकं हातगाडीवरून गेली, जळगावात, भुसावळला, धुळ्याला, कुठं कुठं. अक्कांना त्याचं वाईट वाटलं असेल असं मला वाटलं होतं. “बरं झालं,” त्या म्हणाल्या, “एका कपाटात राहून काय करायचे होते ते टाके?” एकदा मी त्यांना विचारलं की इतका संशय घेऊन माणूस सुखानं जगतो कसा. त्या तेव्हा झग्याला घातलेले कच्चे टाके ओढून काढत होत्या. “काढायचे असतात म्हणून तर ते कच्चे,” म्हणाल्या. “कायम ठेवले तर कपडा अंगात घालता येत नाही. न घालता मशीन मारली तर बाही उलटी लागते. तुझं दोन्ही वेळा चुकलं होतं.”

गेल्या हिवाळ्यात अक्का गेल्या. न्यूमोनियाचं निमित्त झालं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेले तेव्हा रेखा आली होती, बरोबर तिची मुलगी. रेखा आता भुसावळला स्वतःचा क्लास चालवते. वंदना झाली, जेवणं झाली. नाना ओट्यावर बसले होते. त्यांचे रुंद खांदे सदऱ्यात सैल झाले होते. त्यांनी मला मागच्या खोलीत बोलावलं. “मशीन रेखाले देनी शे,” म्हणाले. “खनमा तुन्हं काहीतरी शे. ते तू ली जाय.”

खणात बॉबिनची डबी होती, खडूचे तुकडे होते, आणि घडीवर मळलेलं ‘गुलाबी विष’. मागच्या बाजूला पाच-सहा जणींची मापं आणि कोपऱ्यात माझं. मी ते सुलटं केलं. समासात लाल टाके होते. ‘या पुस्तकांनी आमच्या मुली नासवल्या आहेत’ या ओळीशेजारी एक. ‘विचारी माणसे असल्या शब्दांना भुलत नाहीत’ या ओळीशेजारी एक. शेवटच्या परिच्छेदात आणखी दोन. चारही टाके जसेच्या तसे होते, दोरा जुना होऊन तपकिरी पडलेला.

सगळ्यात वर, पहिल्याच वाक्याशेजारी, टाका नव्हता. ‘मी या कादंबऱ्यांचा बारकाईने अभ्यास करून हे लिहीत आहे.’ त्या ओळीच्या समासात फक्त सुईची दोन भोकं होती. तिथं टाका घातलेला होता, आणि नंतर कधीतरी ओढून काढलेला होता. कधी, ते मला माहीत आहे. चाळिसाव्या पुस्तकाचा आकडा सांगून मी जिना चढून वर गेले, त्या दुपारी.

तेव्हा वाचणाऱ्यांना माझं एक मागणं आहे. खानदेशात कुठं रद्दीच्या दुकानात, एखाद्या मावशीच्या ट्रंकेत, फाटक्या कव्हरची प्रेमकादंबरी सापडली आणि तिच्या समासात लाल दोरा दिसला, तर घाईनं ओढू नका आणि पुस्तक फेकूही नका. ते पान वाचा. पाणी कोण भरतंय ते शोधा. सापडलं तर दोरा काढा आणि भोकं तशीच राहू द्या. आणि तसं पुस्तक नाहीच मिळालं, तर घरात सुई असेल, लाल दोराही असेल. मी इथं जे जे लिहिलं आहे, त्यातलं तुम्हाला जिथं पटत नाही तिथं, याच पानाच्या समासात, एक कच्चा टाका घाला.